कादंबरीकाराची नोकरी: लिहिणं आणि लिहायला शिकवणं (वाचकांचे प्रश्न)

अमेरिका-इंग्लंडमधले अनेक कादंबरीकार विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकवून चरितार्थ चालवतात. त्याविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न: मराठीत प्राध्यापक असलेले कादंबरीकार काही कमी नाहीत. मग अमेरिकेतल्या ‘क्रिएटिव्ह रायटिंग’च्या प्राध्यापकात वेगळं काय? तो वर्गात शिकवतो तरी काय? (नाशिक)

फरक टेबलावर कोणता मजकूर ठेवलेला असतो यात आहे. भालचंद्र नेमाडे यांचंच उदाहरण घ्या. त्यांनी महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत, लंडनच्या ‘सोआस’ या प्राच्यविद्या-संस्थेत, गोवा आणि मुंबई विद्यापीठांत अध्यापन केलं. पण वर्गातला विषय होता तो छापून झालेलं साहित्य. ‘कोसला’ (१९६३) लिहिणारा माणूस आणि वर्गात शिकवणारा माणूस एकच असला, तरी ती दोन वेगळी कामं होती. तिकडच्या सर्जनशील लेखनाच्या वर्गात विद्यार्थ्याचं स्वतःचं अर्धवट, अडखळणारं लेखन हेच पाठ्यपुस्तक असतं.

ही पद्धत रुळली ती आयोवा विद्यापीठात. तिथे १९२२ पासून उच्च पदवीसाठी शोधनिबंधाऐवजी सर्जनशील लेखन स्वीकारलं जाऊ लागलं आणि १९३६ मध्ये ‘रायटर्स वर्कशॉप’ सुरू झालं. पुढे १९४६ च्या सुमारास वॉलेस स्टेग्नर यांनी स्टॅनफर्डमध्ये असाच कार्यक्रम उभा केला. इंग्लंडला जाग यायला १९७० उजाडलं. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या दोन कादंबरीकारांनी एम.ए. सुरू केलं, आणि इयन मॅक्युअन हा तिथला पहिला विद्यार्थी.

प्रत्यक्ष वर्ग असा चालतो. दहा-बारा विद्यार्थी आठवड्यातून एकदा अडीच-तीन तास बसतात. एका बैठकीला दोन, फार तर तीन जणांचं लेखन घेतात. प्रत्येकाची १५ ते २५ टंकलिखित पानं आठवडाभर आधी सगळ्यांच्या हाती पडलेली असतात. प्रत्येकाने ती वाचून समासात खुणा करायच्या आणि लेखकाला पानभर पत्र लिहायचं. मग एकेका लेखनावर ४०-५० मिनिटं चर्चा. जुन्या रिवाजात लेखकाने या वेळात तोंड उघडायचं नाही. आता बऱ्याच ठिकाणी लेखकच सुरुवातीला दोन-तीन प्रश्न मांडतो. गप्प बसलेल्या लेखकाच्या मजकुरातला सांस्कृतिक तपशील वर्गाला कळला नाही, तर अर्धी बैठक त्या गैरसमजावरच खर्च व्हायची. परदेशी विद्यार्थ्यांना याचा फटका जास्त बसे.

प्राध्यापकाचं खरं कौशल्य इथे, चर्चेचा क्रम राखण्यात असतं. आधी वर्णन: या पानांत काय घडतंय, कोण सांगतंय, किती काळ जातोय. मग वाचक म्हणून लक्ष कुठे सुटलं, नेमकं कोणत्या परिच्छेदात. दुरुस्तीच्या सूचना सर्वांत शेवटी, आणि त्याही मोजक्या. हा क्रम उलटला की वर्ग बिघडतो: बारा जण आपापल्या बारा गोष्टी लेखकाकडून लिहून घ्यायला लागतात. ‘मला आवडलं’, ‘मला नाही भिडलं’ या वाक्यांचा लेखकाला काडीचा उपयोग नसतो आणि तरी तीच सगळ्यात जास्त ऐकू येतात.

प्रश्न: असा प्राध्यापक स्वतःची कादंबरी लिहितो कधी? (कोल्हापूर)

आधी हिशेब मांडू, म्हणजे तक्रार कुठे खरी आणि कुठे फुगवलेली ते दिसेल.

अमेरिकन सत्र साधारण १५ आठवड्यांचं. संशोधनाला महत्त्व देणाऱ्या विद्यापीठात कादंबरीकाराला एका सत्रात बहुधा दोन वर्ग असतात, लहान महाविद्यालयात तीन किंवा चार. दोनपैकी एक कार्यशाळा, म्हणजे वर सांगितलेला लेखनाचा वर्ग, धरा. बारा विद्यार्थी, प्रत्येकाची दोनदा पाळी, दर वेळी २० पानं: ४८० पानं. पानांचा आकडा घाबरवणारा नाही. पण ही पानं दोनदा वाचावी लागतात, एकदा वाचक म्हणून आणि एकदा पेन्सिल हातात घेऊन. वर पत्र लिहायचं. एका लेखनाला दोन तास धरले तर २४ लेखनांचे ४८ तास, तेही वर्गातले तास सोडून. शिवाय पदवीचा प्रबंध म्हणून आलेली तीन-चार हस्तलिखितं, दीडशे-दोनशे पानांची. आणि जानेवारी-फेब्रुवारीत प्रवेशाचे अर्ज. सिरॅक्यूज विद्यापीठात कथाकार जॉर्ज सॉन्डर्स शिकवतात. तिथे कथालेखनाच्या सहा जागांसाठी सहा-सातशे अर्ज येतात. प्रत्येकासोबत २५ पानं धरली तर किमान पंधरा हजार पानांचा ढीग होतो, तो मूठभर शिक्षकांनी वाटून घ्यायचा.

तरीही वेळ उरतो. नेमणूक बहुतेक ठिकाणी नऊ महिन्यांची असते. मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत वर्ग नसतात, म्हणजे सलग चौदा-पंधरा आठवडे मिळतात. कायम झालेल्या प्राध्यापकाला साधारण सहा वर्षांच्या सेवेनंतर सातव्या वर्षी अभ्यासरजा: एक सत्र पूर्ण पगारी किंवा अख्खं वर्ष अर्ध्या पगारावर. बँकेत किंवा जाहिरात कंपनीत नोकरी करून लिहिणाऱ्याला हे स्वप्नातही मिळत नाही.

तेव्हा अडचण तासांची कमी आणि डोक्याची जास्त आहे. दिवसभर इतरांच्या वाक्यांतली खोट शोधणारी नजर संध्याकाळी बंद करता येत नाही. पहिला खर्डा लिहायला वाईट वाक्य सहन करण्याची तयारी लागते आणि कार्यशाळा नेमकी तीच तयारी खाऊन टाकते. म्हणून सत्र सुरू असताना नवा खर्डा रखडतो, पण जुन्या खर्ड्याची फेरमांडणी चांगली होते, कारण तिला तीच शोधक नजर हवी असते. अनुभवी मंडळी वर्षाची विभागणी यावरूनच करतात: कच्चं लिखाण उन्हाळ्यात, दुरुस्ती सत्रात. हे उलटं करणारे दरवर्षी ऑगस्टमध्ये ‘काहीच झालं नाही’ म्हणतात.

आठवड्याच्या पातळीवर तीन गोष्टी कामी येतात. वर्ग दोन लागोपाठच्या दिवसांत बसवून घेणं. विद्यार्थ्यांची पानं सकाळी कधीच न उघडणं, सकाळ आपल्या पानांची. आणि लेखन थांबवताना पुढच्या प्रसंगाच्या दोन ओळी लिहून ठेवणं. कादंबरीत चार दिवसांचा खंड पडला की पात्र कोणत्या खोलीत उभं होतं हेच आठवत नाही. कथालेखकाला हा त्रास कमी, कादंबरीकाराला फार.

नावाजलेल्यांच्या तारखा पाहिल्या तर एकच एक नियम निघत नाही. मॅरिलिन रॉबिन्सन यांची पहिली कादंबरी १९८० ची आणि दुसरी २००४ ची. त्या आयोवात १९९१ ते २०१६ शिकवत होत्या. चोवीस वर्षांच्या अंतराचा दोष नोकरीवर ढकलायचा मोह होतो. पण त्या काळात त्यांची वैचारिक पुस्तकं येत होती, आणि २००४, २००८, २०१४ या तिन्ही कादंबऱ्याही शिकवता शिकवताच आल्या. कर्ट व्हॉनेगट १९६५ ते १९६७ आयोवात होते. ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ या कादंबरीवर त्यांचं काम तेव्हा सुरू होतं, पुस्तक १९६९ मध्ये आलं. टोनी मॉरिसन तर आधी प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. त्यांनी १९८९ ते २००६ प्रिन्स्टनमध्ये शिकवलं आणि १९९३ चं नोबेल याच काळातलं. प्रिन्स्टनमध्ये सर्जनशील लेखनाची एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) पदवीच नाही, तिथे हे वर्ग पदवीपूर्व मुलांसाठी चालतात. विशीतल्या नवख्या मुलांचं लेखन वाचायला वेळ कमी लागतो आणि त्यांची सावलीही आपल्या लेखनावर कमी पडते. ही सोय सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

प्रश्न: मुलगी पुण्यात इंजिनिअर आहे. इंग्रजीत कादंबरीचा खर्डा तयार आहे. एम.एफ.ए.साठी अर्ज करायचा तर कुठून सुरुवात करावी? (पुणे)

खर्ड्यातली २५ ते ३० पानं निवडण्यापासून. अर्जात उद्देशपत्र, तीन शिफारसपत्रं, गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा असं बरंच असतं, पण निवड जवळजवळ पूर्णपणे त्या नमुना पानांवर होते. जी.आर.ई. ही प्रवेशपरीक्षा आता बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. तिची बी.ई. आड येत नाही, साहित्याची पदवी हवीच असं नाही.

कादंबरीचं पहिलं प्रकरण पाठवायचं की मधलं? शक्यतो पहिलं, किंवा स्वतंत्र उभी राहील अशी एक पूर्ण कथा. मधलं प्रकरण पाठवलं तर सोबत अर्धं पान सारांश द्यावा लागतो, आणि पाचशेवा अर्ज उघडलेला थकलेला वाचक सारांशाशी दयाळू नसतो. ‘आजी, लोणचं, अमेरिकेतलं एकटेपण’ हा साचा टाळा. लोणच्याशी वैर नाही, पण भारतीय अर्जदारांच्या ढिगात तो वाचणाऱ्याने आधीच खूपदा पाहिलेला असतो.

मुदती बहुधा १ डिसेंबर ते १५ जानेवारीच्या दरम्यान आणि उत्तरं मार्चपर्यंत. तेव्हा जुलैत पानं निवडा आणि सप्टेंबरात शिफारशीसाठी विचारा. शिफारस देणाऱ्याने तिचं लेखन वाचलेलं असावं. ऑफिसातल्या वरिष्ठाने ‘वेळेवर काम करते’ असं लिहून काही साधत नाही.

आता पैशाचं. फी माफ आणि वर पाठ्यवेतन देणारे, म्हणजे ‘पूर्ण अर्थसाहाय्य’ असलेले कार्यक्रम निवडा. मोबदल्यात तिला पदवीच्या मुलांना प्राथमिक लेखनाचा एखादा वर्ग शिकवावा लागेल. कर्ज काढून एम.एफ.ए. करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. या पदवीमागे ते कर्ज फेडणारी नोकरी हमखास येत नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. हे शिकवणं त्यातच मोडतं. आणखी एक: वर्षातून दोनदा दहा दिवस जाऊन बाकी घरूनच शिकायचं, असे ‘लो-रेसिडेन्सी’ कार्यक्रम नोकरदारांना सोयीचे असतात, पण त्यांच्या जोरावर विद्यार्थी व्हिसा सहसा मिळत नाही आणि पाठ्यवेतनही नसतं.

कालावधी अमेरिकेत दोन ते तीन वर्षं. इंग्लंडमध्ये एम.ए. एका वर्षात संपतं, पण परदेशी विद्यार्थ्याला ते महाग पडतं आणि शिकवण्याचा अनुभव मिळत नाही. कादंबरीच्या दृष्टीने बारा महिने म्हणजे फारच थोडे.

प्रश्न: एम.एफ.ए. झाली की प्राध्यापकी मिळते का? (ठाणे)

नाही. एम.एफ.ए. ही त्या विषयातली अंतिम पदवी मानली जाते, म्हणजे अर्ज करण्याची पात्रता मिळते. नोकरी पुस्तकावर मिळते. कायम पदाच्या जाहिरातीत ‘किमान एक प्रकाशित पुस्तक’ ही ओळ जवळजवळ ठरलेली, आणि प्रत्यक्षात मुलाखतीला येणाऱ्यांची दोन-दोन पुस्तकं असतात. जाहिराती ऑगस्टपासून येतात, मुलाखती हिवाळ्यात. शेवटच्या तिघांना आवारात बोलावून नमुना वर्ग घ्यायला लावतात. अनेक चांगले लेखक इथेच पडतात, कारण ते व्याख्यान देतात. निवड समितीला पाहायचं असतं की अनोळखी विद्यार्थ्याच्या कच्च्या पानावर तुम्ही वर्गाला कसं बोलतं करता.

पद मिळालं तरी सहाव्या वर्षी कायम करण्याचा निकाल लागतो आणि तोवर बहुतेक ठिकाणी आणखी एक पुस्तक लागतं. ते नेमून दिलेल्या काळात प्रकाशित व्हावं लागतं, नुसतं लिहून भागत नाही. प्रकाशक मिळून पुस्तक बाजारात यायला दीड-दोन वर्षं जातात. म्हणजे खर्डा चौथ्या वर्षाच्या आत पुरा हवा. हा हिशेब कळल्यावर कित्येक जण मोठी कादंबरी बाजूला ठेवून कथासंग्रह पुरा करतात. त्यांचा निर्णय शहाणपणाचाच असतो, पण साहित्याचं त्यात काय होतं हा वेगळा प्रश्न.

बाकीचे असंख्य लोक ‘अ‍ॅडजंक्ट’ म्हणून शिकवतात. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे ते सख्खे भाऊ. एका वर्गाचे सत्राला काही हजार डॉलर, विमा नाही, पुढच्या सत्राची खात्री नाही, आणि दोन-तीन कॉलेजांत धावपळ. या अवस्थेत कादंबरी लिहिणं कायम प्राध्यापकापेक्षा कितीतरी कठीण. ‘विद्यापीठाच्या सावलीत लेखक सुखावतो’ म्हणणाऱ्यांनी या उन्हातल्यांकडेही पाहावं. इंग्लंडमध्ये कायम अध्यापनासाठी आता बहुधा पीएच.डी. लागते. तिच्यात कादंबरीच सादर करायची असते आणि सोबत चिकित्सक लेखनाचा भाग जोडायचा असतो.

प्रश्न: पदवी नको, नोकरी नको, पण मराठीत लिहिणाऱ्याला आयोवाला जाता येतं का? (मडगाव)

येतं. वर्कशॉपपासून वेगळा असा ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’ तिथे १९६७ पासून आहे. पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी तो सुरू केला. जगभरचे लेखक शरद ऋतूत काही आठवडे राहतात, लिहितात, वाचन करतात. पदवी नाही, परीक्षा नाही. दिलीप चित्रे १९७५ मध्ये याच कार्यक्रमासाठी गेले होते. मूळ लेखन मराठीत असलं तरी चालतं, मात्र इंग्रजीत संवाद साधता यायला हवा आणि अनुवादाचा नमुना लागतो. पंधरा-वीस पानांचा चांगला अनुवाद आधीच करून ठेवा. मुदतीच्या आठवड्यात अनुवादक शोधणाऱ्याचा अर्ज दिसताक्षणी ओळखू येतो.

प्रश्न: मी मराठी विभागात शिकवते. दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) कथालेखनाचा अभ्यासक्रम आखायला सांगितलं आहे. मुलं २४. कार्यशाळा पद्धत इथे चालेल? (जळगाव)

चालेल, पण अभ्यासक्रम प्रात्यक्षिक म्हणून मंजूर करून घ्या. दोन श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे ३० तास किंवा प्रात्यक्षिकाचे ६० तास. तीस तासांत २४ मुलांची जेमतेम एकेक पाळी होते.

साठ तास म्हणजे १५ आठवडे, आठवड्याला दोन-दोन तासांच्या दोन बैठका. पहिले चार आठवडे छोटे सराव, सगळे वर्गात बसून. पुढच्या आठ आठवड्यांत १६ बैठका होतात. दर बैठकीला तीन लेखनं, प्रत्येकी ४० मिनिटं. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, म्हणजे २४ जणांना बरोबर दोन-दोन पाळ्या. शेवटचे तीन आठवडे पुनर्लेखनाला. लेखन ८०० ते १२०० शब्दांचं. त्याहून मोठं मागितलं तर मुलं वाचून येत नाहीत आणि चर्चा हवेत होते. चोवीस जण एकदम बोलू शकत नाहीत, म्हणून प्रत्येक लेखनाला आठ ‘नेमलेले वाचक’ द्या. पत्र त्यांनीच लिहायचं, आधी तेच बोलतील. बाकीचे ऐकतील, शेवटच्या दहा मिनिटांत विचारतील. तुमच्या वाट्याला सत्रभरात साधारण ४८,००० शब्दांचं वाचन येईल. पेपर तपासणीच्या मानाने हे काहीच नाही.

पहिला सराव असा द्या: ३०० शब्द, एक जागा, दोन माणसं, एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवंय आणि तो ते सरळ मागत नाही. सूर्योदय, सूर्यास्त, पाऊस वर्ज्य. शाळेतल्या निबंधाने आपल्या मुलांच्या हाताला जे वळण लावलेलं असतं ते याच तीन ठिकाणी पहिल्यांदा उफाळतं. ‘सूर्य मावळतीला झुकला होता’ची वाट बंद केली की पहिल्या ओळीत माणूस येतो.

जळगावात बोलीचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल. एखादी मुलगी अहिराणीत किंवा लेवा बोलीत संवाद लिहील आणि नेमलेले वाचक लाल पेनाने त्याचं प्रमाण मराठी करून टाकतील. नियम आधीच सांगा: संवादातली बोली दुरुस्त करायची नाही, फक्त तिचं सातत्य तपासायचं. त्याच पात्राच्या तोंडी तोच शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलाय का? निवेदन कोणत्या भाषेत, आणि का? बोली फक्त नोकर, म्हातारी आणि विनोदी पात्र यांच्याच तोंडी असेल, तर तेही वर्गात बोलून दाखवा. निवेदनात काळ घसरतो का तेही पाहा. ‘आला’, ‘येतो’, ‘आला होता’ यांची सरमिसळ हा नवख्या मराठी लेखनातला सर्वांत सामान्य दोष आहे, आणि मोठ्याने वाचलं की तो लगेच कानाला खटकतो. म्हणून प्रत्येक लेखनाचा पहिला परिच्छेद लेखकाऐवजी दुसऱ्याकडून वाचून घ्या. तो जिथे अडखळतो तिथे खूण करा.

गुणांचं काय? पन्नास गुण धरले तर १० सरावांना, १५ पत्रांना आणि २५ पुनर्लेखनाला. पहिल्या खर्ड्याला एकही गुण देऊ नका. दिलात तर मुलं धोका पत्करत नाहीत, मागच्या वर्षी ज्याला चांगले गुण मिळाले तसंच लिहितात. पुनर्लेखनासोबत पहिला खर्डाही जोडायला सांगा. परीक्षकाला बदल दिसला पाहिजे आणि उचललेला मजकूरही त्यातच पकडला जातो, कारण उचललेल्या कथेला खर्डा नसतो.

बाहेरचा लेखक शिकवायला हवा असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद विभागप्रमुखांना दाखवा. त्यात नेट-पीएच.डी.ची अट नाही. क्षेत्रातला साधारण १५ वर्षांचा अनुभव लागतो आणि ही पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच ठेवता येतात. मुदत कमाल तीन वर्षं, अपवादाने चौथं. मात्र मोठं नाव आणण्याआधी त्यांना आठ मुलांची पानं वाचून प्रत्येकी एक पत्र लिहायला सांगून पाहा. भाषणाला येणारे पुष्कळ असतात, पानं वाचणारे थोडे.

शेवटचं, आणि हे किरकोळ समजू नका: सगळं लेखन युनिकोडमध्येच मागवा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की नुसती अर्थहीन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते, आणि पहिल्या बैठकीचा अर्धा तास त्यातच जातो.